एक बेडूक कीं अनेक?

माणूस परकी भाषा शिकतो तो बहुधा पोटासाठीं, ही गोष्ट कितीही सुंदर शब्दांत गुंडाळली तरी लपत नाहीं. पेशव्यांच्या दरबारांत फारसी पत्रें वाचणारा पारसनीस कांहीं सादी-हाफीजांवर लुब्ध होऊन त्या भाषेकडे वळला नव्हता. त्या विद्येवर त्याचें घर चालत असे. पुढें इंग्रजी आली. तिला वाघिणीच्या दुधाची उपमा मिळाली, परंतु ज्या घरांत तें दूध मुलांस पाजण्यांत आलें त्या घरांतील वडीलधाऱ्यांची नजर वाघिणीपेक्षां मामलेदाराच्या खुर्चीवर अधिक खिळलेली असे, हें वाचकांस आपापल्या घराण्याच्या इतिहासावरून सहज पटेल. आम्ही स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक आहोंत. गेलीं अठ्ठावीस वर्षें शेक्सपीअर आणि वर्डस्वर्थ यांनीं आमच्या घरची चूल पेटती ठेविली आहे, आणि त्या उपकारांस आम्ही जागूं इच्छितों. पण खरें सांगावयाचें तर ती भाषा आम्हीं निवडली नव्हती. ती आमच्यासाठीं निवडली गेली. मराठी जन्मानें मिळाली, संस्कृत आजोबांच्या धाकानें, हिंदी शाळेच्या वेळापत्रकानें आणि इंग्रजी चरितार्थाच्या काळजीनें. चार भाषांशीं आमचा संसार झाला, परंतु त्यांपैकीं एकीलाही आम्हीं आपण होऊन मागणी घातली नव्हती.

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षीं आम्हीं जपानी भाषेला मागणी घातली. आतां आम्हांस चौपन्नावें लागलें आहे.

आमच्या सौभाग्यवतींस ही वार्ता कळली तेव्हां त्या कांहीं वेळ स्तब्ध राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘अहो, पण आपल्याला तिकडे जायचं आहे का?’ जावयाचें नाहीं असें ऐकल्यावर त्यांनीं विचारलें, ‘मग पगार वाढणार आहे?’ तोही वाढणार नव्हता. ‘मग कशाला?’ या तिसऱ्या प्रश्नास आम्हीं उत्तर दिलें कीं, जपानी संस्कृतीविषयीं आम्हांस फार आस्था आहे. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि पोळ्या लाटावयास निघून गेल्या. आमच्या संसाराच्या अनुभवाप्रमाणें त्यांचें ‘बरं’ हें मान्यतेचें नसून तहकुबीचें असतें.

त्यांचें काय चुकलें? संस्कृति हा शब्द मोठा सोयीचा आहे. चहाचा विधि, फुलांची मांडणी, किमोनो, सामुराइ, झेन् मठांतील वाळूच्या बागा आणि मिनिटाच्या हिशेबानें सुटणाऱ्या आगगाड्या हें सर्व एका पिशवींत कोंबून तिला आपण जपानी संस्कृति असें नांव देतों आणि त्या पिशवीवर प्रेम करतों. पुण्यांत तर ही पिशवी हाताशींच आहे. सिंहगड रस्त्यावर ओकायामा येथील कोराकुएन् बागेच्या धर्तीवर रचलेलें एक उद्यान आहे. त्याला ‘पूर्वरंग’मध्यें जपानचें प्रवासवर्णन लिहिणाऱ्या पु. ल. देशपांडे यांचें नांव दिलेलें आहे. तेथें सकाळीं फिरावयास जाणाऱ्या प्रत्येक गृहस्थास आपण जपानचे जाणकार आहों असें अर्धा तास तरी वाटतें. आम्हांसही वाटे. परंतु असल्या प्रेमावर भाषेचा अभ्यास तगत नाहीं, हें आम्हांस वर्गांत बसल्यावर दिसून आलें.

आमचा वर्ग रविवारीं सकाळीं भरतो. शिक्षिकाबाई वयानें आमच्या कन्येएवढ्या आहेत. रीतीप्रमाणें आम्ही त्यांस ‘सेन्सेइ’ म्हणतों, आणि आम्हांस पाहून त्यांच्या तोंडून संवयीनें ‘सर’ निघतें. त्यामुळें गुरु कोण व शिष्य कोण हें नवख्या माणसास कळणें कठीण. पहिल्या दिवशीं त्यांनीं प्रत्येकास ‘जपानी कां?’ असें विचारलें. संगणकाच्या धंद्यांतील तरुणांनीं सरळ सांगितलें कीं, कंपनीचें जपानशीं काम आहे आणि परीक्षा उतरल्यास बढती आहे. एक एकोणीस वर्षांची मुलगी म्हणाली कीं, जपानी ॲनिमे, म्हणजे तिकडचे चित्रांचे बोलपट, तिला खालच्या इंग्रजी ओळी न वाचतां ऐकावयाचे आहेत; कारण त्या ओळींतून कांहीं तरी गळतें अशी तिची खात्री होती. उरलेल्या बहुतेकांनीं, आमच्यासह, ‘संस्कृति’ असें उत्तर दिलें.

हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या प्रत्येकी ४६ अक्षरांच्या. तेथवर सर्वांचा उत्साह लग्नघरासारखा होता. नंतर चिनी अक्षरें आलीं. त्यांस जपानींत ‘कांजी’ म्हणतात. आपल्याकडे कांजी म्हणजे पेज, आजाऱ्यास सुद्धां पचणारी. ही जपानी कांजी मात्र धडधाकट माणसासही पचत नाहीं. नित्य व्यवहारासाठीं म्हणून जपान सरकारनें २०१० सालीं जी यादी ठरविली तींत २,१३६ कांजी आहेत, आणि त्यांतील १,०२६ तेथील मुलें प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. बरें, एका अक्षराचा एकच उच्चार असेल तर शपथ! ‘जीवन’ या अर्थाचें एक साधें पांच रेघांचें अक्षर आहे. तें कोठें ‘सेइ’ होतें, कोठें ‘शो’. ‘जगणें’ या क्रियापदाच्या आरंभीं त्याचा नुसता ‘इ’ होतो, ‘जन्मणें’ याच्या आरंभीं ‘उ’. आणि कच्च्या मासळीचा विषय निघाला कीं तेंच अक्षर ‘नामा’ म्हणून पुढें येतें. कांजी सुरू झाली आणि वर्ग वाळूं लागला. वर्षअखेर निम्मीं बाकें रिकामीं होतीं, आणि गळालेल्यांत ‘संस्कृति’वाल्यांचा भरणा अधिक होता. बढतीवाले टिकले, निदान बढती मिळेपर्यंत. ती एकोणीस वर्षांची मुलगी अद्याप आहे, आणि आमच्या दोन पायऱ्या पुढें आहे.

आम्ही टिकलों तें संस्कृतीच्या बळावर नव्हे. सौभाग्यवतींस खरें कारण सांगण्याचें धैर्य त्या दिवशीं आम्हांस झालें नव्हतें, म्हणून आम्हीं तो भारदस्त शब्द पुढें केला. खरें कारण एक बेडूक होता.

एम्. ए.च्या वर्गांत भाषांतराचा विषय चालला होता. उदाहरणासाठीं आम्हीं बाशो या कवीचा १६८६ सालचा, तळें व बेडूक यांवरील तो जगप्रसिद्ध हायकू घेतला. शिरीष पै यांनीं हायकू मराठींत रुजविल्यापासून हा काव्यप्रकार आपल्या विद्यार्थ्यांस अगदींच अपरिचित नाहीं, तेव्हां काम सोपें होईल असा आमचा अंदाज. इतक्यांत मागल्या बाकावरून एकानें विचारलें, ‘सर, बेडूक एक की पुष्कळ?’ वर्गांत हंशा पिकला. पण प्रश्न हांसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, कारण आमच्या हातांत दोन इंग्रजी भाषांतरें होतीं आणि त्यांचें आपसांत पटत नव्हतें. लाफ्काडिओ हर्न यांनीं बेडकांचें अनेकवचन केलें आहे. बहुतेक इतरांचा बेडूक एकटा आहे. आतां बेडूक एक असेल तर त्या तळ्याकांठीं अगोदर केवढी शांतता असली पाहिजे! आणि पुष्कळ असतील तर ती शांतता कसली, ती एक चिमुकली जत्राच. कविता एकच, परंतु एका वचनाच्या फरकानें तिच्या दोन कविता होतात.

आम्हीं मराठीचा आधार घेऊन पाहिला. मराठींत ‘बेडूक’ हा शब्द दोन्ही वचनीं सारखाच: एक बेडूक, दहा बेडूक. क्षणभर वाटलें कीं इंग्रजी भाषांतरकार ज्या खोड्यांत अडकला त्यांतून मराठी माणूस सहीसलामत सुटेल. पण तो क्रियापदापाशीं येतो आणि सांपडतो. ‘उडाला’ कीं ‘उडाले’? ‘बेडकानें’ कीं ‘बेडकांनीं’? उत्तर दिल्याखेरीज आपलें व्याकरण पुढें पाऊल टाकूं देत नाहीं. शिवाय आपल्या मनांतील बेडूक पावसाळ्यांतला आणि हजारोंच्या संख्येनें ओरडणारा. जपानी काव्यसंकेतांत बेडूक हा वसंत ऋतूचा मानकरी आहे, आणि बाशोपूर्वींचे कवि त्याच्या गाण्याचें कौतुक करीत आले होते. बाशोनें त्याला गावयास न लावतां पाण्यांत उडी घ्यावयास लावली, हेंच त्याचें नवेपण. हें सर्व आम्हीं विद्यार्थ्यांस सांगितलें. मूळ प्रश्नाचें उत्तर मात्र आमच्या कपाटांतील कोणत्याही इंग्रजी पुस्तकांत नव्हतें. तें जपानी व्याकरणांत होतें, आणि त्या घराची किल्ली आमच्यापाशीं नव्हती.

हर्न यांचें नांव निघालें आहे तर त्यांच्याविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे, कारण भाषा आणि आवड यांचें नातें किती विलक्षण असूं शकतें याचें त्यांच्यासारखें दुसरें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. जन्म १८५० चा, एका ग्रीक बेटावर. आई ग्रीक, वडील आयरिश. १८९० सालीं ते जपानांत आले आणि तेथलेच झाले. कोइझुमि सेत्सु या सामुराइ घराण्यांतील स्त्रीशीं त्यांनीं विवाह केला, १८९६ सालीं जपानी प्रजाजन होऊन कोइझुमि याकुमो हें नांव घेतलें, आणि तोक्योच्या विद्यापीठांत ते आमच्याप्रमाणेंच इंग्रजी वाङ्मय शिकवूं लागले. (त्यांच्या मागून १९०३ सालीं त्या जागीं नात्सुमे सोसेकि आले. इंग्रजीच्या मास्तरांनीं जपानी वाङ्मयाची अशी सेवा केलेली पाहून आम्हांस आमच्या धंद्याचा थोडा अभिमान वाटतो.) जपानवर हर्न यांच्याइतकें प्रेम क्वचितच कोणा परकीयानें केलें असेल. आणि तरीही १९०४ सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे चौदा वर्षांत, तेथील ग्रंथ स्वतः वाचण्याइतकी ती भाषा त्यांस आली नाहीं. पतिपत्नी एका मोडक्यातोडक्या, प्रत्ययांची फिकीर न करणाऱ्या जपानींत बोलत. त्या बोलीला ‘हेरुन्-सान् कोतोबा’, म्हणजे हर्नसाहेबांची भाषा, असें नांवच पडलें आहे. ‘क्वाइदान’ या पुस्तकांतील भुताखेतांच्या अनेक गोष्टींचें मूळ या बोलींत आहे. सेत्सुबाई जुनीं पुस्तकें शोधून वाचीत आणि रात्रीं दिवा बारीक करून पतीस गोष्टी सांगत. पुस्तक हातांत धरून वाचूं नये, आपल्या शब्दांत सांगावें, असा त्यांचा आग्रह असे. म्हणजे हर्न यांच्यापुढें जपानी वाङ्मय आलें तें पत्नीच्या तोंडून, आजीच्या गोष्टी नातवंडांपुढें याव्या तसें.

याचें दुसरें टोंक म्हणजे आर्थर वेली. हे १९१३ सालीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें नोकरीस लागले. तेथें पौर्वात्य चित्रांची व्यवस्था पाहतांना चित्रांवरील अक्षरें वाचतां येईनात, म्हणून चिनी व जपानी या दोन्ही भाषा ते आपल्या आपण शिकले. पुढें मुरासाकी शिकिबू या दरबारी स्त्रीनें अकराव्या शतकाच्या आरंभीं लिहिलेली ‘गेंजी’ ही प्रचंड कथा त्यांनीं १९२५ ते १९३३ या काळांत सहा भागांत इंग्रजींत आणली. (तिचे अध्याय चौपन्न, सध्यां आमच्या वयाइतकेच.) एवढा पराक्रम करणारा हा मनुष्य आयुष्यांत एकदांही जपानला गेला नाहीं. हर्न यांस देश मिळाला आणि ग्रंथ मिळाले नाहींत. वेली यांस ग्रंथ मिळाले आणि देश मिळाला नाहीं. आम्ही वेलींच्या पंथाचे, घरीं बसून शिकणारे. तथापि बेडकांचें अनेकवचन करणारे हर्न हे त्या तळ्यांच्या कांठीं स्वतः उभे राहिलेले होते, आणि एकवचनवाल्यांपैकीं कित्येकांनीं तें तळें कागदावरच पाहिलें असेल, हें विसरून चालत नाहीं.

वेलींचा ‘गेंजी’ पुढें कोणाच्या हातीं पडला तेंही ऐकण्यासारखें आहे. १९४० सालीं न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील एका दुकानांत डोनाल्ड कीन नांवाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यास तो ४९ सेंटांस मिळाला. त्यानें तो घेतला याचें कारण तो स्वस्त होता! त्या वर्षीं युरोपांत युद्ध पेटलेलें होतें, आणि ज्यांत लढाई नाहीं असें एक जग त्यास त्या पानांत सांपडलें. लौकरच युद्ध त्याच्याही दारीं आलें. अमेरिकन आरमाराच्या शाळेंत तो जपानी शिकला, आणि रणांगणांत पडलेल्या जपानी शिपायांच्या खिशांत सांपडलेल्या रोजनिशा वाचण्याचें काम त्याच्याकडे आलें. शत्रूच्या भाषेंत, शत्रूच्या हस्ताक्षरांत, घरची आठवण वाचावयाची! पुढें कीन हे त्या वाङ्मयाचे सर्वमान्य पंडित झाले. २०११ च्या भूकंपानंतर अनेक परकीय लोक जपान सोडून जात असतांना त्यांनीं तेथें कायमचें जाऊन राहण्याचें ठरविलें. २०१२ सालीं, एकोणनव्वद वर्षांच्या वयांत, ते जपानी नागरिक झाले आणि २०१९ सालीं तेथेंच वारले. चित्रावरील न वाचतां येणारी एक ओळ, स्वस्तांत मिळालेलें एक पुस्तक; आमच्या वर्गांतील त्या मुलीला सलणाऱ्या गळक्या इंग्रजी ओळी याच जातीच्या आहेत. पायांत रुतणारा कांटा लहानच असतो, पण माणसास खालीं बसवितो. डोंगर पाहून कोणी खालीं बसत नाहीं, फार तर नमस्कार करतो.

बेडकाचें उत्तर आम्हांस तिसऱ्या महिन्यांतच मिळालें. जपानी नाम वचन सांगत नाहीं, आणि क्रियापदही सांगत नाहीं. कर्ता एक असो वा शंभर, पुरुष असो वा स्त्री, क्रियापदाचें रूप बदलत नाहीं. त्या सतरा मात्रांत तो हिशेब कोठेंच मांडलेला नाहीं. जपानी वाचकांस विचारलें तर बहुतेक एकच बेडूक सांगतील, पण तें त्यांस व्याकरणानें शिकविलेलें नसतें. आम्हीं त्या विद्यार्थ्यास बोलावून हें सांगितलें. तो म्हणाला, ‘म्हणजे सर, दोन्ही बरोबर?’ आम्हीं सांगितलें, दोन्ही इंग्रजी आहेत.

आतां कांटा निघाला होता; वर्ग सोडावयास हरकत नव्हती. परंतु एव्हांना दुसरेच कांहीं घडूं लागलें होतें. ज्या वर्णमालेला आम्ही परकी समजून हात घातला तिचा क्रम असा: आ, इ, उ, ए, ओ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. डोळे मिटून ऐकावें तर आपल्याच अंकलिपींतील ओळ एखाद्या दांत पडलेल्या आजोबांनीं म्हणावी तशी! संस्कृत मंत्रांसाठीं सिद्धम् लिपीचा अभ्यास करणाऱ्या जपानी भिक्षूंमुळें हा क्रम तेथें रुजला. ‘च’च्या जागीं ‘सा’ कां, तर त्या ‘सा’चा उच्चार प्राचीन काळीं ‘च’, ‘त्स’ यांच्या जवळचा होता. ‘प’च्या जागीं ‘हा’ कां, तर त्याचा उच्चार पूर्वीं ‘पा’ होता. उच्चार बदलले, रांगेंतील जागा तेवढ्या राहिल्या. हें सांगितलें कीं आमच्या कांहीं स्नेह्यांस स्फुरण चढतें आणि जपानला अक्षरओळख आपणच करून दिली असें ते छाती फुगवून म्हणूं लागतात. आम्हांस तो आनंद निराळ्या जातीचा वाटला. परगांवीं एखाद्या अनोळखी घरांत आपल्या आजीच्या हातची रांगोळी दिसावी, पण भोंवतीं सगळीं माणसें परकीं असावींत, तसें तें होतें.

वाक्यरचनेचेंही तेंच. ‘वाताशि वा होन् ओ योमिमासु’ याचें मराठी जागच्या जागीं होतें: मी, पुस्तक, वाचतों. ‘कारा’ म्हणजे ‘पासून’, ‘मादे’ म्हणजे ‘पर्यंत’, आणि दोन्ही नामाच्या मागून येतात. आमचें पाठ्यपुस्तक मात्र सर्व समजूत इंग्रजींतून घालतें. म्हणजे मराठी माणसानें सरळ वाक्य आधीं इंग्रजींत उलटें करावें आणि मग जपानींत पुन्हा सुलटें करावें! पुण्यांत इतकीं मराठी मुलें जपानी शिकत असतां हा द्राविडी प्राणायाम कां चालूं आहे, तें कळत नाहीं. इंग्रजीवर पोट भरणाऱ्या माणसानें हें म्हणावें हें विशेष, पण तें खरें आहे.

आणि ध्वनींचे शब्द! इंग्रजी या बाबतींत गरीब आहे. मराठी श्रीमंत आहे, आणि जपानी तर सावकारच. पाऊस धो धो कोसळतो तो ‘झाआझाआ’, हळूं झिमझिमतो तो ‘शितोशितो’, पहिले टपोरे थेंब पडतात ते ‘पोत्सुपोत्सु’. चांदणी ‘किराकिरा’ करते, घासलेलें भांडें ‘पिकापिका’ करतें. आपल्या लखलख, चकचक, रिमझिम, भुरभुर यांच्या शेजारीं हे शब्द मांडून पाहण्यांत आमच्या कित्येक संध्याकाळी गेल्या आहेत. हा खेळ सौभाग्यवतींस आवडला. पावसांत वाळत घातलेले कपडे काढावयास धांवतांना त्या हल्लीं ‘झाआझाआ’ असें ओरडतात. पण एका शब्दापाशीं आम्ही हरलों. आवाज अजिबात नसण्याचा जो आवाज, त्यालाही जपानींत शब्द आहे: ‘शीन्’. सामसूम, चिडीचूप हे आमचे शब्द शांतता वर्णितात. ‘शीन्’ ती ऐकवितो. बाशोच्या तळ्याकांठीं अगोदर काय होतें, तें आम्हांस त्या दिवशीं कानांनीं कळलें.

बाशो अद्याप दूरच आहे. आम्ही शिकतों ती आजची जपानी. बाशोची भाषा जुनी, तिचें व्याकरण निराळें. जुनी जपानी शिकावयास कांहीं महिने पुरेत असा अभिप्राय वेली यांनीं दिला आहे. वेलींचे महिने आमच्या महिन्यांहून लांब असावेत. सकाळीं पाठ केलेलीं पांच कांजी संध्याकाळीं मोजावीं तर तीन उरतात, आणि त्यांतील एकीचें अंग दुसरीला चिकटलेलें असतें. वीस वर्षांपूर्वीं असें होत नव्हतें. आमच्या चालीनें बाशोचें प्रवासवर्णन मुळांतून वाचूं लागण्यास आणखी सात-आठ वर्षें लागतील, असा हिशेब आम्हीं केला आहे. त्या वेळीं डोळे कसे असतील तें डोळ्यांनाच ठाऊक.

मग सेवानिवृत्तीची वाट कां पाहिली नाहीं, असें कोणी विचारील. आमचे एक स्नेही होते, गणिताचे प्राध्यापक. उमर खय्यामच्या घनसमीकरणांवरून ते त्याच्या रुबायांकडे आले. माधव जूलियन यांनीं मूळ फारसीवरून केलेलें भाषांतर त्यांस बहुतेक पाठ होतें, आणि फारसी शिकून मूळ रुबाया वाचाव्यात ही त्यांची आयुष्याची एक ठरलेली गोष्ट होती. ‘रिटायर झालों की लगेच,’ असें ते म्हणत, आणि म्हणण्यापुरते थांबले नाहींत. व्याकरणाचें एक चांगलें जाड पुस्तक त्यांनीं आणून ठेविलें. ते निवृत्त झाले आणि पहिल्याच पावसाळ्यांत अर्धांगाच्या झटक्यानें गेले. दिवस झाल्यावर वहिनी एके सायंकाळीं आमच्याकडे आल्या. पिशवींतून तें पुस्तक काढून म्हणाल्या, ‘घरात आता हे कोण वाचणार, भावजी? तुमच्याकडे असू दे.’ अकराव्या पानापर्यंत त्यांच्या बारीक, टोंकदार पेन्सिलीच्या खुणा आहेत. पुढील पानें एकमेकांस चिकटलेलीं होतीं. तें पुस्तक आमच्या मेजावर होतें, आणि दोन महिन्यांनीं वर्गांत बेडकाचा प्रश्न निघाला.

सध्यां आमच्या वर्गांत ‘देणें’ हें क्रियापद चाललें आहे. तें एक नाहीं. आपण दुसऱ्यास देतों तें ‘आगेरु’. दुसरा आपल्यास देतो तें ‘कुरेरु’. या दोहोंची अदलाबदल होत नाहीं. वस्तु कोणत्या दिशेनें गेली हें क्रियापदच सांगतें. तीच घटना घेणाऱ्याच्या बाजूनें सांगावयाची तर ‘मोराउ’, आणि देणारा आपल्याहून मानानें मोठा असेल तर ‘इतादाकु’, म्हणजे मस्तकीं धरून घेणें. जेवावयास बसतांना जपानी माणूस हात जोडून जो शब्द उच्चारतो तो हाच. जी भाषा बेडूक किती हें विचारीत नाहीं ती कोणीं कोणास काय दिलें याचा एवढा बारकाईनें जाब घेते, याची आम्हांस मौज वाटते. सेन्सेइंनीं स्वतःच्या आयुष्यांतील देण्याघेण्यावर पांच वाक्यें लिहून आणावयास सांगितलीं आहेत. चार सहज झालीं: वडिलांनीं घड्याळ दिलें, मुलीनें चष्म्याचें घर दिलें, आम्हीं पुतण्यास शब्दकोश दिला, सौभाग्यवतींकडून रोज चहा मिळतो. (तेथें ‘मोराउ’ लिहावें कीं ‘इतादाकु’, हें त्यांनाच विचारलें, त्यांनीं ‘इतादाकु’ निवडलें.)

पांचवें त्या पुस्तकाचें. वहिनींनीं दिलें, असें लिहिलें तर देणाऱ्या त्या होतात. पण पुस्तक त्यांचें नव्हतें. स्नेह्यांकडून मिळालें, असें लिहावें तर त्यांनीं तें आम्हांस कधीं दिलें नाहीं. तें त्यांस स्वतःस हवें होतें. मराठींत ‘पुस्तक आमच्याकडे आलें’ एवढें म्हटलें कीं भागतें. तसें जपानींतही म्हणतां येत असेल, पण मग देण्याघेण्याचें वाक्य होत नाहीं. उद्यां रविवार आहे. वहींत चार वाक्यें पुरीं आहेत, आणि पांचव्याच्या जागीं आम्हीं तूर्त ‘होन् ओ’, म्हणजे ‘पुस्तक’, एवढेंच लिहून ठेविलें आहे.